विद्यार्थी गळण्याआधी: महाविद्यालयात आधाराची घडी कशी बसवावी

तुमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातल्या किती जणांनी दुसऱ्या सत्राचा परीक्षा अर्ज भरला? पहिला आकडा प्राचार्यांना तोंडपाठ असतो. दुसरा परीक्षा विभागाच्या कपाटात असतो. या दोन आकड्यांच्या मध्ये जी मुलं हरवली, ती कुठे गेली हे बहुतेक ठिकाणी कुणालाच सांगता येत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवते आणि विद्यार्थी कल्याणाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जे करून पाहिलं आणि टिकलं, तेवढंच इथे लिहिते आहे.

आपल्याकडे मायाळू शिक्षकांची वाण नाही. अडचण अशी की त्या शिक्षकाच्या हातात काहीच नसतं. मुलगी रडत येते, फीची मुदत उद्या संपणार असते. मॅडम पाणी देतात, पाठीवर हात ठेवतात आणि ‘ऑफिसात विचारून बघ’ म्हणतात. ऑफिसातला क्लार्क म्हणतो, ‘माझ्या हातात नाही.’ संध्याकाळच्या एसटीने मुलगी घरी जाते ती परत येत नाही. दोघंही माणसं चांगली होती. पण मुदत आठ दिवस वाढवायचा अधिकार दोघांपैकी एकालाही नव्हता. म्हणून प्राचार्यांना माझं पहिलं सांगणं हेच: करुणा वरून वाटायची नसते, तिचा अधिकार खाली द्यायचा असतो.

साताऱ्यात याचं उदाहरण लांब शोधायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला जेवत होती, स्वतःची कामं स्वतः करून शिकत होती. महात्मा गांधींच्या हस्ते 1927 साली त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. बोर्डिंगातली चूल विझू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आपण ती गोष्ट जयंतीला सांगतो आणि डोळे पुसतो. तिच्यात कामाची बाब मला वेगळीच दिसते. ‘आज रात्री पोरांच्या ताटात काय?’ हा प्रश्न त्या घरात त्याच दिवशी सोडवला जात होता. तो समितीकडे जात नव्हता.

पहिली पायरी: यादी काढा आणि फोन करा

गेल्या वर्षीची प्रवेशाची यादी आणि परीक्षा अर्जांची यादी वर्गवार शेजारी ठेवा. गळालेल्या प्रत्येक नावापुढे एक रकाना मोकळा सोडा: कारण. मग त्या मुलांना फोन करा. ‘परत ये’ असा आग्रह या फोनवर धरू नका. ‘तू का थांबलास, हे आम्हाला कळलं नाही, म्हणून विचारतेय’ एवढंच म्हणा. मुलं मोकळेपणाने बोलतात, कारण आता त्यांना तुमच्याकडून काही नको असतं.

आमच्या यादीत जी कारणं पुन्हा पुन्हा आली, ती या मातीतलीच होती. वडील मुंबईत माथाडी कामगार, अपघात झाला आणि मुलगा त्यांच्याकडे गेला. आईवडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी परराज्यात, घरी फक्त आजी. आजी पडली आणि नातीचं कॉलेज सुटलं. पाटणच्या डोंगरातून येणाऱ्या मुलीची परतीची एसटी बंद झाली. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेला मुलगा पहाटे मैदानावर आणि दुपारी झोपलेला. एमआयडीसीत रात्रपाळी मिळाली. तुळशीचं लग्न लागलं आणि पंधरा दिवसांत हिचंही ठरलं. ‘अभ्यास झेपला नाही’ म्हणणारे होते, पण आम्ही समजत होतो त्यापेक्षा फारच थोडे.

एक गोष्ट तर आम्ही शिक्षक असून आमच्या लक्षातच आली नव्हती. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो. एफवायला आल्यावर तो विकत घ्यावा लागतो. सवलतीचा असला तरी दर महिन्याला रोख पैसे काढावे लागतात, आणि ज्या घरात दोन मुली शिकतात तिथे नेमका तोच खर्च आधी कापला जातो.

कारणं हातात आली की स्टाफरूमच्या भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावा आणि धोक्याचे आठवडे लाल करा. फीची शेवटची तारीख, पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण लागतात तो आठवडा, दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पंधरा दिवस, लग्नसराई, भरतीच्या तारखा. पावसाळ्यात डोंगरी भागाच्या बाजूने आणखी एक रेघ ओढा. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या, तेव्हा कोणती मुलं त्या खोऱ्यातून येतात याची यादी हाताशी असणं किती गरजेचं आहे हे कळलं. गावनिहाय यादी जूनमध्येच छापून ठेवा.

दुसरी पायरी: चौथ्या दिवशी फोन

सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या प्रत्येकाला चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या आत फोन गेलाच पाहिजे. महिनाअखेरीला हजेरीची टक्केवारी काढून नोटीस लावणं म्हणजे पीक जळाल्यावर पाणी सोडणं. प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटावर एका शिक्षकाने रोज दुपारी नजर टाकायची, सलग तीन गैरहजेरी दिसली की नावापुढे टिंब करायचं आणि ते नाव मेंटॉरला, म्हणजे त्या मुलाचा मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या शिक्षकाला, कळवायचं. दिवसाला दहा मिनिटांचं काम आहे.

फोन मेंटॉरने करावा, ऑफिसने नाही. ऑफिसचा नंबर दिसला की मुलांना फी आठवते. आणि पहिलं वाक्य जपून निवडा. ‘का येत नाहीस?’ म्हटलं की समोरचा सबब शोधतो. ‘तीन दिवस दिसली नाहीस गं, बरी आहेस ना?’ म्हटलं की खरं कारण निघतं, आज नाही तर दोन दिवसांनी. कारण कळलं की त्याच फोनवर पुढचं एक ठोस पाऊल सांगा: ‘सोमवारी दुसऱ्या तासानंतर मला भेट, नोट्स मी काढून ठेवते.’

घरी फोन करण्याआधी मात्र थांबा. माझ्या हातून घडलेली चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या दीर्घ गैरहजेरीचं पत्र मी नियमाप्रमाणे तिच्या घरी पाठवलं. ती त्या दिवसांत घरच्यांना न सांगता एका दुकानात काम करत होती, परीक्षेच्या फीसाठी. पत्र मिळालं आणि घरच्यांनी तिचं शिक्षणच थांबवलं. ते पत्र माझ्या सहीचं होतं. तेव्हापासून आमचा नियम असा आहे: आधी विद्यार्थ्याशी बोलायचं, मग विचारायचं, ‘घरी कुणाशी बोललं तर चालेल?’ आई, मामा, थोरला भाऊ, शेजारची काकू, जे नाव येईल ते प्रवेशाच्या वेळीच अर्जावर लिहून घ्या. पालक म्हणून वडिलांचा नंबर असतोच. ‘विश्वासाची व्यक्ती’ हा रकाना वेगळा हवा.

तिसरी पायरी: मेंटॉरला वेळ द्या

मेंटॉर नेमल्याचा कागद प्रत्येक महाविद्यालयात आहे, कारण महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती तो मागते. मेंटॉर भेटतो कधी, हे वेळापत्रकात दिसत नाही. आठवड्यातला एक तास वेळापत्रकात छापा आणि त्या तासाला दुसरं काही लावू नका. एका मेंटॉरकडे वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं नकोत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना यात घ्यायचं असेल, आणि घ्यावंच कारण वयाने जवळची म्हणून मुलं त्यांच्याशी लवकर बोलतात, तर त्या तासाचं मानधन द्या. फुकट मागितलेली माया फार दिवस पुरत नाही.

नोंदी दोन ठेवा. एक साधी: तारीख, भेट झाली, पुढे काय ठरलं. ती फाईलला लागेल. दुसरी खासगी: घरचं, आजारपण, मनाचं. ती कुलपात राहील आणि कुठल्याही तपासणीत उघडली जाणार नाही. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून फाईलला लावणं हा विश्वासघात आहे, मग गुण कितीही मिळोत.

मेंटॉर फक्त शिक्षकच असतात असंही नाही. गेटवरच्या मामांना कोण रोज उशिरा येतं ते माहीत असतं. वसतिगृहातल्या मावशींना कोण दोन दिवस जेवलं नाही ते माहीत असतं. कॅन्टीनवाल्याला उधारीची वही सांगते. महिन्यातून एकदा त्यांना खुर्ची देऊन चहा पाजा आणि विचारा. आम्हाला सगळ्यात लवकर कळलेल्या गोष्टी इथूनच कळल्या आहेत.

चौथी पायरी: समोर बसलेल्या मुलाशी बोलणं

जागा आधी ठरवा. स्टाफरूममध्ये बारा जणांच्या देखत कुणी बोलत नाही. ग्रंथालयाचा कोपरा, रिकामी प्रयोगशाळा, मैदानाच्या कडेचं झाड चालेल. मुलीशी बोलताना दार उघडं असावं आणि ती म्हणेल तर मैत्रीण सोबत असावी. मोबाईल उलटा ठेवा.

पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे, कारण आम्हा शिक्षकांना मधेच उत्तर द्यायची सवय जडलेली असते. ‘आमच्या वेळी तर चपलाही नव्हत्या’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी गिळा. ‘एवढंच ना?’ म्हणू नका. ‘सगळं ठीक होईल’ असंही म्हणू नका, तुम्हाला ते माहीत नसतं. ‘हे एकट्याने ओढत होतास, जड गेलं असणार’ एवढं म्हटलं तरी पोरगं मान वर करून बघतं. मग विचारा: ‘यातलं आज काय सुटलं तर तुला थोडं हलकं वाटेल?’ बहुतेक वेळा उत्तर लहान असतं. एक सबमिशन, एक फोन, पासाचे पैसे.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याऐवजी सांगा, ‘तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी आणखी एका माणसाला सांगेन, आणि आधी तुला सांगून.’

मरणाचं बोलणं निघालं तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यावा असे विचार येतात का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही; उलट इतके दिवस दाबून धरलेलं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमपर्यंतसुद्धा कुणीतरी सोबत. तिथेच बसून टेली-मानसचा 14416 हा नंबर लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. ताबडतोबीचा धोका असेल तर 112, नाहीतर साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात सोबत घेऊन जा. घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि शेतीची औषधं, गोळ्या कुलपात ठेवायला स्पष्ट शब्दांत सांगा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. त्यानंतर आठवडाभर रोज करा.

समुपदेशक नेमणं आता मर्जीवर राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. समुपदेशकाची खोली कुठे द्यायची याचा मात्र नीट विचार करा. प्राचार्यांच्या केबिनशेजारी दिली तर तिकडे कुणी फिरकणार नाही. ग्रंथालयाच्या वाटेवर द्या, म्हणजे आत जाणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पाचवी पायरी: पैशाची खिडकी

इथे सगळ्यात जास्त मुलं हरवतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

फीचे हप्ते पाडून द्यायचा अधिकार कार्यालय अधीक्षकांना लेखी द्या. किती रकमेपर्यंत, किती मुदत, हे एका पानावर लिहा आणि ते पान खिडकीवर चिकटवा. हप्ता मागायला मुलाला प्राचार्यांच्या दारात तासभर उभं राहावं लागत असेल, तर निम्मी मुलं मागणारच नाहीत. फी थकली म्हणून हॉल तिकीट अडवू नका. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला तर विद्यापीठ अनुदान आयोगानेच (यूजीसी) मनाई केलेली आहे.

शिष्यवृत्तीसाठी जुलै ते डिसेंबर एक टेबल मांडा, एक संगणक, एक जाणता माणूस. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज बहुतेक त्याच त्याच कारणांनी अडकतात. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा जोडलेलं असतं ते वडिलांनी कधीतरी उघडलेलं जुनंच खातं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा असतो. एसवायला गेल्यावर अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं हेच माहीत नसतं. आणि महाविद्यालयाच्या लॉगिनला अर्ज पडून राहतो, जी सरळ सरळ आपली चूक आहे. दर शुक्रवारी लॉगिन उघडून प्रलंबित अर्जांचा आकडा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा.

योजनांची माहिती फलकावर लावून भागत नाही, माणसाने माणसाला सांगावी लागते. 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाच्या अर्जावर पेन्सिलीने लिहा, याला यातली कोणती लागू होते.

तरीही शिष्यवृत्ती खात्यात पडेपर्यंत महिने जातात आणि पासाचे पैसे उद्या लागतात. त्यासाठी एक छोटा तातडीचा निधी हवा. माजी विद्यार्थी, शिक्षकांचे दरमहा थोडे, दोन व्यापारी, एवढ्यावर तो उभा राहतो. नियम तीनच ठेवा. निर्णय दोन दिवसांच्या आत. तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं की रक्कम दिली. आणि नाव कुठेही जाहीर होणार नाही. ना फोटो, ना धनादेश वाटपाचा कार्यक्रम, ना वर्तमानपत्रात बातमी. मदत घेतलेल्या मुलाला स्टेजवर बोलावून हार घातला की तो निधी तिथेच संपला समजा. पुढच्या वर्षी खऱ्या गरजेचा कुणी त्याच्या जवळ येत नाही. हिशेब मात्र चोख ठेवा, पावतीवर नावाऐवजी क्रमांक चालतो.

कमवा आणि शिका योजनेचं काम देतानाही मान जपा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, रोपवाटिका इथलं काम द्या, ज्यातून काही शिकता येईल. मानधन ठरल्या तारखेला द्या. चार महिन्यांनी एकदम मिळालेलं मानधन मेसच्या बिलाला कामी येत नाही.

आणि भूक. माण-खटावच्या टोकाकडून पहिल्या गाडीने निघालेलं पोरगं पहाटे साडेपाचला घर सोडतं आणि दुपारी तीनला परततं. वर्गात डुलक्या घेणाऱ्याला उठवून उभं करण्याआधी हळूच विचारा, ‘काही खाल्लंस का?’ कॅन्टीनमध्ये कुपनं ठेवा आणि ती मेंटॉरच्या हाती द्या.

सहावी पायरी: समित्या जिवंत करा

कागदावर सगळं आहे. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. हे सगळं एका मोठ्या फलकावर, साध्या मराठीत, व्यक्तीच्या नावासह आणि चालू नंबरसह लावा. मग एखाद्या संध्याकाळी स्वतः त्या नंबरांवर फोन करून बघा कुणी उचलतं का.

सातवी पायरी: प्राचार्यांनी स्वतः काय करायचं

आठवड्यातला एक तास केबिनच्या बाहेर बसा. पोर्चमध्ये टेबल टाका, चिठ्ठी न पाठवता कुणीही यावं. वर्षातून एकदा फीच्या रांगेत मुलांबरोबर शेवटपर्यंत उभे राहा. खिडकी कधी उघडते आणि आतून कोणत्या आवाजात उत्तर मिळतं हे तेव्हाच कळतं.

महिन्यातून एकदा मेंटॉरांची चाळीस मिनिटांची बैठक घ्या. विषय एकच: कोणतं प्रकरण जड जातंय? मुलांचं ऐकून ऐकून शिक्षकही थकतात, रात्री झोप लागत नाही. त्याला ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ म्हणू नका. त्याच्याकडचं एक प्रकरण दुसऱ्याकडे द्या, एक परीक्षेची ड्युटी काढून घ्या. कर्मचाऱ्यांवर खेकसणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्यांना माया मिळत नाही. जे वरून येतं तेच खिडकीतून बाहेर पडतं.

नाही म्हणायचं तिथे नाहीच म्हणा. अंतर्गत गुण वाढवून देणं, कॉपीकडे काणाडोळा करणं याला मी आधार म्हणत नाही. त्यात मुलाचंच नुकसान आहे आणि शेजारी बसून रात्रभर अभ्यास केलेल्याचंही. सबमिशनची मुदत वाढवून द्या, पुन्हा चाचणी घ्या, शनिवारी जादा तास घ्या, पण जे येत नाही ते येतंय असं लिहून देऊ नका. नकार देताना मुलाला उभं ठेवू नका. बसवा, कारण सांगा, आणि दुसरी कोणती वाट मोकळी आहे ते त्याच बैठकीत दाखवा.

आठवी पायरी: जाणाऱ्याला नीट जाऊ द्या

सगळं करूनही काही जण जातील. लष्करात निवड होते, घर चालवायचं असतं. टीसी मागायला आलेल्याला चार खेपा घालायला लावू नका. नवीन शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची तरतूद आहे, मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा राहतात आणि पुढे शिक्षण जोडता येतं. हे त्याला समजावून सांगा, त्याचा क्रेडिट खात्याचा क्रमांक लिहून द्या, कोणत्या अटी पूर्ण कराव्या लागतील ते परीक्षा विभागाकडून विचारून द्या. मेंटॉरचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये असू द्या.

आणि पहिल्या पायरीवर काढलेली ती यादी टाकून देऊ नका. पुढच्या मे महिन्यात, प्रवेश सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी, तीच नावं पुन्हा फोनवर घ्या. आम्ही पहिल्यांदा असे फोन केले तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, लग्न झालंय, तरी चालेल का?’ मी हो म्हटलं आणि सासरच्या गावाहून कोणती एसटी सोयीची पडेल ते आम्ही दोघींनी फोनवरच शोधून काढलं.